नाव कोणाचे, शिवी कोणाची?

गेल्या महिन्यात आमची दहा वर्षांची मुलगी शाळेतून एक गृहपाठ घेऊन आली. माणसांच्या नावांवरून तयार झालेले पाच इंग्रजी शब्द शोधायचे आणि त्या त्या माणसाविषयी चार ओळी लिहायच्या. सँडविच, डिझेल, सॅक्सोफोन हे शब्द तिला आधीच ठाऊक होते. पण शिक्षिकेने एक अट घातली होती: त्यांपैकी दोन नावे तरी बदनाम माणसांची हवीत. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून यादी केली. यादी पूर्ण झाल्यावर तिने वही मिटली आणि विचारले, "बाबा, मराठीत असे शब्द आहेत का? आणि आपल्या लोकांच्या नावांचे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड नव्हते. लहरी कारभाराला आपण तुघलकी म्हणतो, फितुराला सूर्याजी पिसाळ म्हणतो, जुलमी अधिकाऱ्याला घाशीराम म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्हाला नीट देता आले नाही. परदेशात वाढणाऱ्या आपल्या सर्वच मुलांच्या मनात हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम इंग्रजीची बाजू पाहू. नॉर्वेच्या विदकुन क्विसलिंगने ९ एप्रिल १९४० रोजी, जर्मन फौजा देशात उतरत असताना, रेडिओवरून स्वतःला पंतप्रधान म्हणून घोषित केले. त्याच महिन्यात लंडनच्या 'टाइम्स'ने त्याचे नाव देशद्रोह्यांसाठी सामान्यनाम म्हणून वापरले. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी क्विसलिंगला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे नाव मात्र शब्दकोशात राहिले. आम्ही राहतो त्या आइंडहोवनमध्ये ही आठवण फार दूरची नाही. १८ सप्टेंबर १९४४ रोजी हे शहर नाझींच्या ताब्यातून मुक्त झाले आणि शहराच्या मध्यवर्ती चौकाला आज त्या तारखेचेच नाव आहे. डच लोकांनी आपल्या अँटन मुसर्टचे नाव सामान्यनाम केले नाही, त्याच्या पक्षाचे केले. 'एनएसबीअर' ही येथे आजही जिव्हारी लागणारी शिवी आहे. ज्यांनी सोसले त्यांनी अन्याय करणाऱ्याच्या नावाचा शब्द केला. हा एक प्रकारचा लोकनिवाडाच होय.

असा लोकनिवाडा आपणही दिलेला आहे. इसवी सनपूर्व सातव्या शतकात अथेन्समध्ये ड्रेको नावाच्या माणसाने कायदे लिहून काढले. किरकोळ गुन्ह्यांनाही त्यांत देहदंड होता, असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. म्हणून आजही क्रूर कायद्याला इंग्रजीत ड्रेकोनियन आणि डचमध्ये द्राकोनिस म्हणतात. आपल्याकडे याच जातीचा शब्द आहे 'मनुवादी'. परंतु दोहोंमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. ड्रेकोची बदनामी शिक्षेच्या कठोरपणामुळे झाली. मनुस्मृतीचा दोष त्याहून खोल आहे. तिच्या आठव्या अध्यायात शूद्राने द्विजाला कठोर शब्द बोलल्यास जिव्हाच्छेद सांगितला आहे, आणि ब्राह्मणाला कोणत्याही अपराधासाठी देहदंड देऊ नये असेही सांगितले आहे. तेथे गुन्हा तोलला जात नाही, जन्म तोलला जातो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत त्या ग्रंथाचे दहन झाले, आणि पुढे त्याच्या कर्त्याच्या नावापासून आपल्या चळवळीने एक विशेषण घडवले. युरोपला ड्रेकोचे विशेषण करण्याचा जो अधिकार आहे, तोच आपल्याला मनूविषयी आहे. त्याबद्दल परदेशातील कोणत्याही मराठी मंडळाच्या बैठकीत ओशाळे होण्याचे कारण नाही.

मात्र अधिकाराबरोबर जबाबदारीही येते. महाडच्या परिषदेत दहनाचा ठराव ज्यांनी मांडला, ते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे 'मनुवादी' हा शब्द पहिल्यापासून विचाराला लावायचा आहे, आडनावाला नव्हे. आज आपल्याच व्हॉट्सॲप गटांत सभागृहाच्या भाड्यावरून मतभेद झाला तरी समोरच्याला मनुवादी म्हटले जाते. शब्द असा कोणावरही फेकला की त्याची धार जाते आणि खऱ्या मनुवादासाठी शब्दच उरत नाही. क्विसलिंग हे नाव कर चुकवणाऱ्या माणसाला लावले असते, तर ते आज कोणाच्या स्मरणात राहिले असते?

येथवर न्यायाची गोष्ट झाली. पण मुलीच्या यादीत आणखी एक शब्द होता आणि त्याने आम्हाला जागे ठेवले. तो शब्द 'डन्स', म्हणजे ढ, मठ्ठ. तो आला जॉन डन्स स्कोटस याच्या नावावरून. हा स्कॉटलंडचा फ्रान्सिस्कन साधू १३०८ साली वारला. मध्ययुगीन युरोपातील अत्यंत सूक्ष्म बुद्धीच्या तत्त्वज्ञांत त्याची गणना होते. 'सूक्ष्म आचार्य' हीच त्याची पदवी होती. सोळाव्या शतकात नव्या विद्येचे पुरस्कर्ते त्याच्या अनुयायांची टिंगल करू लागले आणि बघता बघता त्या आचार्याचे नाव मूर्खाचे नाव झाले. त्या शाळेतील मुलांच्या डोक्यावर पुढे जी कागदी टोपी चढवली गेली, तिलाही त्याचेच नाव मिळाले. येथे बदनाम माणसाच्या नावाचा शब्द झाला नाही. शब्दानेच माणूस बदनाम केला.

हे वाचताना आम्हाला सम्राट अशोक आठवले. त्यांच्या शिलालेखांत त्यांचे नाव जवळजवळ येतच नाही. येते ती उपाधी, 'देवानंपिय पियदसि'. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा हा पियदसि म्हणजे अशोक हे मजकुरावरून उघड होत नव्हते. १९१५ साली कर्नाटकातील मस्की येथे सापडलेल्या लेखात उपाधीसोबत 'असोक' हे नाव स्पष्ट मिळाले. देवानंपिय, म्हणजे देवांना प्रिय, ही सन्मानाची उपाधी होती. श्रीलंकेत धम्म स्वीकारणारा राजा तिस्स हाही इतिहासात देवानंपिय तिस्स म्हणूनच ओळखला जातो. व्याकरणकार पतंजली हा शब्द 'दीर्घायु' आणि 'आयुष्मान्' यांच्या पंक्तीत, आदरार्थी शब्दांत देतो. सातव्या शतकात बाणभट्टही तो आदराने वापरतो.

आणि नंतर? शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाची खिल्ली उडवताना हाच शब्द योजतात. सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त त्याचा अर्थ नियम म्हणून नोंदला जातो: मूर्ख. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० सालच्या कोशात देवानांप्रियचा अर्थ शोधला तर मूर्ख असाही मिळतो. ज्या राजाने प्राणिहत्या आवरली, माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचारांची सोय केली, ज्याच्या आज्ञा आपल्या नालासोपाऱ्यापर्यंत दगडात कोरल्या गेल्या, त्याची उपाधी त्याच्याच देशाच्या पंडिती भाषेत मूर्खाचा पर्याय झाली. यामागे कोणी बसून कट केला असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण भाषा ज्यांच्या हाती राहिली त्यांना हा अर्थ खटकला नाही, एवढे तर उघड आहे.

'पाषंड' या शब्दाची गतही अशीच झाली. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक सर्व पाषंडांचा आदर करतो. तेथे पाषंड म्हणजे केवळ पंथ, आपला असो वा दुसऱ्याचा. मनुस्मृती मात्र पाषंडांना जुगाऱ्यांसोबत नगराबाहेर हाकलण्याची आज्ञा राजाला देते. आज आपण ढोंग्याला पाखंडी म्हणतो, तेव्हा नकळत अशोकाचा अर्थ सोडून मनूचा अर्थ बोलत असतो.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्या सभांत 'बुद्धू' हा शब्द बुद्धांच्या नावाची विटंबना म्हणून निर्माण झाला असे ठामपणे सांगितले जाते. आम्हीही ते पूर्वी सांगत आलो. परंतु दोन शब्द कानाला सारखे लागणे हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. शब्दाची सर्वांत जुनी नोंद कुठली, अर्थ कोणत्या टप्प्यांनी बदलला, हे दाखवावे लागते. देवानांप्रिय आणि पाषंड यांच्या बाबतीत ते दाखवता येते. शिलालेखापासून कोशापर्यंतचा माग हातात आहे. फारसीतील 'बुत', म्हणजे मूर्ती, हा शब्द बुद्ध या नावावरून आला, हेही अभ्यासकांनी मान्य केलेले आहे. 'बुद्धू'विषयी तशी साखळी जोडलेली नाही. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण आपल्या सोयीच्या गोष्टींनाही लागू आहे. दहा खऱ्या उदाहरणांत एक कच्चे मिसळले, की विरोधक त्या एकावर बोट ठेवून दहाही फेटाळतात. आमच्या व्यवसायात एका चुकीच्या ओळीमुळे संपूर्ण प्रणाली संशयास्पद ठरते. वादातही तसेच होते.

आता युरोपकडे परत येऊ. कार्यालयात दुपारच्या जेवणाला फुटबॉलची चर्चा चालली होती. संघातून वगळलेल्या एका खेळाडूविषयी एक सहकारी म्हणाला, तो आता 'पारिया' झाला आहे. डच वर्तमानपत्रांत हा शब्द रोज भेटतो. एकाकी पडलेला देश पारिया, वाळीत टाकलेला मंत्री पारिया. आम्ही त्या सहकाऱ्याला शब्दाचा उगम सांगितला. परई म्हणजे तमिळ प्रदेशातील एक वाद्य, आणि परैयर म्हणजे त्या वाद्यावरून नाव मिळालेला, अस्पृश्य ठरवलेला समाज. सतराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर हे नाव इकडे आले. त्याच काळात डचांची पुलिकतला मोठी वखार होती. तो चकित झाला. म्हणाला, "आम्हाला वाटायचे हा ग्रीक शब्द असेल."

क्विसलिंगने काहीतरी केले होते. परैयरांनी काय केले होते? काहीच नाही. त्यांच्यावर जे लादले गेले, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. अन्याय करणाऱ्याचे नाव कोठेच नाही. सोसणाऱ्याचे मात्र जगभराच्या कोशांत आहे. तरीही त्या समाजातून एक उत्तर आले आणि ते प्रत्येक आंबेडकरी घरात ठाऊक असावे. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासमध्ये वर्तमानपत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले 'परैयन'. ज्या नावाने लोक हिणवत होते, तेच त्यांनी मथळ्यावर छापले. हेच रावबहादूर श्रीनिवासन पुढे १९३० साली गोलमेज परिषदेला बाबासाहेबांसोबत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. आणि तोवर बाबासाहेबांनीही हेच केले होते: ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव होते 'बहिष्कृत भारत'.

बहिष्कार हाच मुलीच्या यादीतला शेवटचा शब्द होता. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली पीक वाईट असताना खंड कमी करावा अशी कुळांची मागणी होती. ती पूर्ण झाली नाही आणि जमिनीवरून हाकलण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. गडीमाणसे निघून गेली, दुकानदार माल देईना, कोणी बोलेना. शेवटी त्याचे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नासेक स्वयंसेवक आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणावे लागले. डिसेंबरात तो देश सोडून गेला. दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध वापरलेले हे शस्त्र होते.

आपल्या गावगाड्यात हे शस्त्र नेमके उलट्या हातात होते. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर कोकणातील कितीतरी गावांत आपल्या लोकांचे काम बंद झाले, दुकानातला माल बंद झाला. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते. तिच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांना दडपण्याचे भयंकर हत्यार असल्याचे नोंदले आहे. म्हणूनच गोलमेज परिषदेला दिलेल्या निवेदनात बाबासाहेब व श्रीनिवासन यांनी बहिष्कार टाकणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावर बेतला. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने २०१६ साली संमत केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. मागणीपासून अंमलबजावणीपर्यंत जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षे गेली.

एका कप्तानावर एका हंगामापुरता बहिष्कार पडला आणि त्याचे नाव जगातील अनेक भाषांत गेले. आपल्या वाडवडिलांवर तो पिढ्यान्‌पिढ्या पडला. त्यांची नावे कोणत्या कोशात शोधावीत?

हे सर्व अभिमानाने लिहिताना आमची स्वतःची एक चूक सांगितली नाही, तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी घर भाड्याने देणाऱ्या एका दलालाने आमची अनामत रक्कम बुडवली. त्यानंतर चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, आम्ही तो किस्सा रंगवून सांगत होतो आणि त्या माणसाला वारंवार 'भामटा' म्हणत होतो. सगळे हसत होते. रांगेत मागे आमचे एक ज्येष्ठ स्नेही उभे होते. ते हसले नाहीत. जेवण झाल्यावर बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "दादा, आमच्या आजोबांच्या नावापुढे पोलिसांच्या रजिस्टरात हाच शब्द होता. रोज हजेरीला जावे लागे. चोरी त्यांनी कधी केली नाही."

आम्हाला तोंड वर करून पाहवेना. भामटा हे एका जमातीचे नाव आहे. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. मराठीतला अर्थ मात्र तसाच राहिला. 'उचल्या'चेही तेच. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले, साहित्य अकादमीने तिचा गौरव केला, आपण ती वाचली आणि तरीही पाकीटमाराला उचल्या म्हणत राहिलो. पारिया म्हणणारा तो डच सहकारी अजाण होता. आम्हाला तर त्या शब्दांमागचे सर्व काही ठाऊक असायला हवे होते. ज्यांच्या जातीच्या नावाने गावाने म्हणी केल्या, त्यांनीच दुसऱ्या वंचित जमातीच्या नावाची शिवी तोंडी बाळगावी, यापेक्षा मोठा विसर कोणता?

शब्द बदलल्याने जात जात नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली म्हणून वस्तीला पाणी आपोआप मिळत नाही. पण आमच्या क्षेत्रात त्याच वर्षी 'गिटहब'ने नव्या प्रकल्पांतील मुख्य शाखेचे 'मास्टर' हे नाव बदलून 'मेन' केले, तेव्हा ज्या सहकाऱ्यांना तो खटाटोप वाटला, तेही आज सहज नवा शब्द वापरतात. शब्द बदलणे हा शेवट नाही; पण ज्याला शब्दही बदलवत नाही, तो त्याहून अवघड असे काय बदलणार?

म्हणून आपल्या कुटुंबांसाठी एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांना अशोकाची गोष्ट सांगताना देवानंपिय या उपाधीचे पुढे काय झाले तेही सांगावे. कार्यालयात, शाळेत कोणी 'पारिया' म्हणाले तर न रागावता त्याचा अर्थ सांगावा. बहुतेक लोक ऐकून घेतात. 'मनुवादी' हा शब्द जपून, नेमका वापरावा. पुराव्याशिवाय कोणतीही व्युत्पत्ती पुढे पाठवू नये. आणि भामटा, उचल्या हे शब्द आपल्या घरातून आजच काढावेत. लबाडाला लबाड म्हणावे, चोराला चोर म्हणावे; त्यासाठी कोणाच्या आजोबांचे नाव लागत नाही.

मुलीने तो गृहपाठ दिला. पाचऐवजी सहा शब्द लिहिले. सहावा शब्द इंग्रजी नसल्याने शिक्षिकेने त्यापुढे प्रश्नचिन्ह केले आणि वर्गासमोर समजावून सांगायला सांगितले. आमच्या मुलीने डच मुलांना सांगितले की हे एका राजाचे नाव आहे, त्याने युद्ध सोडले होते, आणि नंतर लोक त्या नावाने मुलांना ढ म्हणू लागले. एका मुलाने विचारले, "मग आता त्याचा अर्थ काय?" ती म्हणाली, "आमच्या घरी अजून राजाच आहे."

जय भीम!